घरी लहान मुलं असताना एएनएमचं पहिलं वर्ष: काय आधी करायचं, काय नंतर

मी पुण्यात एएनएमच्या, म्हणजे ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ या कोर्सच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. सुरू केलं तेव्हा मुलगा दुसरीत होता आणि मुलगी दीड वर्षाची, अजून अंगावर पीत होती. आता नवीन बॅचच्या लग्न झालेल्या मैत्रिणी भेटल्या की सगळ्या एकच विचारतात, "ताई, अभ्यास झेपेल का गं, दहा वर्षं पुस्तक हातात घेतलं नाहीये." अभ्यास झेपतो. पहिलं वर्ष अडतं ते हजेरीत. आमच्या बॅचमधल्या दोघी मधेच सोडून गेल्या, दोघीही हुशार, एकीला तर इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्या परीक्षेला, माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. पण मुलांची आजारपणं, सासरची लग्नकार्यं, घरचं कुणी ना कुणी असं करत दिवस गेले आणि नंतर भरून काढता आले नाहीत. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय, कारण बहुतेक जणी हा क्रमच उलटा करतात. आधी अ‍ॅडमिशन, मग युनिफॉर्म, मग पुस्तकं, आणि मुलांना कोण बघणार हे कॉलेज सुरू झाल्यावर.

टप्पा १: फॉर्म भरायच्या आधी

पहिली गोष्ट, कोर्स खरा आहे का बघा. सहा महिन्यांत किंवा वर्षात "नर्सिंग" करून देतो असे बोर्ड पुण्यात गल्लोगल्ली दिसतात, त्याने तुम्ही प्रसाविका होत नाही. एएनएम दोन वर्षांचा आहे, त्यातले शेवटचे सहा महिने इंटर्नशिप. बारावी पास लागते, वय १७ ते ३५. कॉलेजचं नाव इंडियन नर्सिंग कौन्सिल आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या वेबसाइटवर स्वतः शोधा, एजंटने दाखवलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. पास झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन मिळालं तरच नोकरी, नाहीतर दोन वर्षं आणि पैसे दोन्ही पाण्यात.

आणि हेही आधीच माहीत असू द्या की एएनएमच्या पहिल्या वर्षात बाळंतपण हा मुख्य विषय नसतो. पहिल्या वर्षाला कम्युनिटी हेल्थ, हेल्थ प्रमोशन म्हणजे आहार, स्वच्छता, शरीराची रचना वगैरे, मग प्रायमरी हेल्थ केअर आणि चाइल्ड हेल्थ. मिडवाइफरी दुसऱ्या वर्षी. आमच्यातल्या काही जणी पहिल्याच महिन्यात लेबर रूम मिळेल म्हणून आल्या आणि नुसतं पाणी शुद्ध कसं करायचं हेच शिकतोय म्हणून हिरमुसल्या.

कॉलेजात चौकशीला जाल तेव्हा हे चार प्रश्न विचाराच. होस्टेल सक्तीचं आहे का? रोजची वेळ काय आणि शनिवारची काय? पहिल्या वर्षात नाईट ड्यूटी आहे का? गावातलं पोस्टिंग कुठे आणि तिथे राहावं लागतं का? होस्टेल सक्तीचं असेल आणि मूल लहान असेल तर तिथेच थांबून दुसरं कॉलेज बघा, नंतर सवलत मिळवू या भरवशावर पैसे भरू नका.

आता कागदपत्रं. लग्न झालेल्या बायकांचं निम्मं डोकं इथे जातं. बारावीची मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, बँक खातं तिसऱ्याच स्पेलिंगने. हे असं सोडवा:

१. अ‍ॅडमिशन मार्कशीटवरच्या नावाने घ्या. परीक्षा, सर्टिफिकेट आणि पुढे कौन्सिलचं रजिस्ट्रेशन त्याच नावाने चालतं.
२. विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. पालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात होतो, दोन नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला तोच लागतो.
३. सासरचंच नाव सगळीकडे हवं असेल तर राजपत्रात नाव बदलून घ्या, पण कोर्स सुरू व्हायच्या आधी. वर्षाच्या मधे नाव बदललं की हॉल तिकिटापासून सगळं अडतं.
४. जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी, म्हणजे जात पडताळणी, वडिलांकडच्या कागदांवरून होते, तेव्हा माहेरी आधीच फोन करून वडिलांचे आणि आजोबांचे दाखले शोधायला सांगा.
५. मधे शिक्षण सुटलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं.
६. स्कॉलरशिप भरणार असाल तर आधार ज्या खात्याला जोडलंय ते चालू आहे का बघा. महाडीबीटीचे, म्हणजे सरकारी स्कॉलरशिपच्या पोर्टलचे, पैसे तिथेच येतात. माझं आधार जुन्या बंद पडलेल्या खात्याला जोडलेलं निघालं, ते निस्तरायला दोन महिने गेले.

तपासा: मूळ कागद जमा केले तर त्यांची यादी सही-शिक्क्यासह घेतली का? प्रत्येकाच्या पाच झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये फोटो आहेत का?

टप्पा २: घरच्यांशी बोलणं, आणि ते कागदावर उतरवणं

"करते आहे ना कोर्स, बघू, जमवू" एवढ्यावर सुरुवात करू नका. सगळ्यांनी हो म्हटलेलं असतं पण प्रत्येकाच्या डोक्यातलं हो वेगळं असतं. आमच्या ह्यांना वाटलेलं मी दुपारी दोनपर्यंत घरी येईन. सासूबाईंना वाटलेलं सणवाराला सुट्टी असेलच. मी एक वहीचं पान घेतलं, सोमवार ते रविवार आडवे आणि सकाळी सहा ते रात्री दहा उभे, आणि प्रत्येक तासाच्या चौकटीत एकच नाव लिहायचं, मुलं त्या तासाला कोणाकडे. "सगळे मिळून" असं लिहायचं नाही.

आमचे हे मार्केटयार्डात गाळ्यावर असतात, पहाटे साडेतीनला जातात आणि दुपारी दोनला परत. मी पावणेसातला निघते, घरी यायला साडेपाच. म्हणजे दोननंतर मुलं त्यांच्याकडे, ते सोपं. भोक पडत होतं ते सकाळी सात ते दोन. सासूबाई घरी आहेत पण त्यांचे गुडघे दुखतात, दीड वर्षाच्या मुलीमागे धावणं त्यांना शक्यच नाही. हे पानावर लिहिल्यामुळे कॉलेजच्या आधी दीड महिना दिसलं. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंची कॉलेजला जाणारी मुलगी त्या वेळात येऊन बसायला लागली, आम्ही तिला महिन्याला ठरवून पैसे देतो. पैसे ठरवूनच द्या. उपकारावर चाललेली सोय पहिल्या भांडणात बंद पडते.

याच बोलण्यात अजून एक विषय घ्या, संकोच न करता. दोन वर्षं पाळणा लांबवायचा. मधे दिवस गेले तर हजेरीचं गणित पूर्ण कोलमडतं. सरकारी दवाखान्यात तांबी (कॉपर-टी), दर तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळ्या मोफत मिळतात. छाया अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते, पण पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदा, हे विसरायचं नाही. काय घ्यायचं ते दवाखान्यात तपासून ठरवा, पण ठरवा.

टप्पा ३: मूल आजारी पडेल त्या दिवसाची तयारी

हा टप्पा सगळ्यात मोठा लिहितेय कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

नियम असा आहे की थिअरीला किमान ८० टक्के हजेरी लागते, आणि प्रॅक्टिकल मात्र सर्टिफिकेट हातात यायच्या आधी १०० टक्के भरून द्यावं लागतं. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर पाच दिवस गेले की तुम्ही काठावर आलात. आणि वॉर्डचा जेवढा दिवस बुडेल तेवढा सुट्टीत जाऊन भरायचा. लहान मुलाला पावसाळ्यात एक ताप आला तरी तीन-चार दिवस जातात आणि दोन मुलं असली की एकाचं दुसऱ्याला होतंच. पहिल्या वर्षी ऑक्टोबरात मुलीला ताप आला, मी चार दिवस घरी बसले, आणि ते चार दिवस मी दिवाळीच्या सुट्टीत वॉर्डात भरले. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी घरी पोचले तेव्हा मुलगा एकटाच किल्ल्यावर मावळे मांडून झोपूनही गेला होता. तेव्हापासून ठरवलं की पहिला दिवस माझा, पुढचे दुसऱ्याचे.

म्हणजे असं की मूल आजारी पडलं तर पहिल्या दिवशी आईने थांबावं, डॉक्टरकडे न्यावं, औषध समजून घ्यावं. दुसऱ्या दिवसापासून ठरलेला दुसरा माणूस. तो नसेल तर तिसरा. ही तीन नावं आधी ठरवा आणि त्यांना तसं सांगा, नुसतं मनात धरू नका. माझी दुसरी व्यक्ती म्हणजे नवरा, गाळ्यावर त्या दिवशी त्यांच्या भावाला जायचं हे आधी ठरलंय. तिसरी माझी बहीण, कात्रजला राहते.

त्या माणसासाठी एक कागद करून फ्रिजला चिकटवा. त्यावर काय हवं:

मुलाचं आत्ताचं वजन आणि तापाच्या औषधाचा डोस, डॉक्टरांनी वजनावर सांगितलेला, "एक झाकण" असं नाही तर मिलीलीटरमध्ये. डॉक्टरांचा नंबर. आणि चार धोक्याची चिन्हं: काहीच पीत नाही, प्यायलेलं सगळं उलटून पडतंय, झटके आले, गुंगीत आहे किंवा जागं होत नाही. यातलं एकही दिसलं तर मला फोन करत बसायचं नाही, थेट दवाखाना. हे चार आम्हाला चाइल्ड हेल्थमध्ये शिकवतात, तेच घरी लावलेत.

जुलाबांसाठी ओआरएसचं लिहा, कारण यात घराघरात चूक होते. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण टाकायचं, अर्धं पाकीट पेल्यात घालून उरलेलं चिमट्याने बंद करायचं नाही, आणि बनवलेलं पाणी चोवीस तासांनी फेकून द्यायचं. सासूबाईंना मी एक लिटरची बाटली वेगळी काढून तिला लाल दोरा बांधून दिला, ओआरएस त्यातच करायचं.

सावधान: मूल आजारी असताना तुम्ही बाहेर गेलात की नातेवाईक बोलतात. आईच्या काळजाचं काय, वगैरे. मी रडत रडत बसमध्ये बसलेय. पण मुलगी बापाजवळ होती आणि बापाला ताप कसा मोजायचा ते येत होतं. आई घरी नसणं म्हणजे मूल वाऱ्यावर सोडणं नाही, हे घरातल्यांना आधी पटलेलं असलं पाहिजे, ऐनवेळी वाद घालायला वेळ नसतो.

टप्पा ४: कॉलेज सुरू व्हायच्या आधीचे पंधरा दिवस

लस. हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात, आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. म्हणजे वॉर्डात जायच्या आधी निदान दोन तरी व्हायला हवे असतील तर अ‍ॅडमिशन पक्की होताच सुरू करा. अंगावर पाजत असाल तरी ही लस चालते, मला तीन जणींनी चालत नाही म्हणून सांगितलेलं.

अंगावरचं दूध. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर काढून ठेवलेल्या दुधाचा सराव दोन आठवडे आधी करा. हात धुवून, स्टीलच्या स्वच्छ उकळलेल्या झाकणाच्या भांड्यात काढायचं, बाहेर चार तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तर सरळ फ्रिजमध्ये. गॅसवर गरम करायचं नाही, गरम पाण्याच्या भांड्यात वाटी ठेवून कोमट करायचं. वाटी-चमच्याने पाजायचं, बाटली नको. आणि सरावाच्या वेळी तुम्ही पाजू नका, जी व्यक्ती पाजणार आहे तिनेच पाजायचं, तुम्ही घराबाहेर. आई घरात असली की बाळ वाटीला तोंड लावत नाही. माझी मुलगी दीड वर्षाची होती, वरचं खात होती, तरी कॉलेजमध्ये पहिला आठवडा माझी छाती भरून यायची आणि ब्लाऊज ओला व्हायचा. दुपारच्या सुट्टीत दूध काढायला जागा कुठे आहे ते मॅडमना पहिल्याच दिवशी विचारा. त्या बाई आहेत, समजतात.

प्रवास. कॉलेजच्या वेळेला एकदा खरंच जाऊन बघा, रविवारी नाही तर कामाच्या दिवशी. मी वडगाव बुद्रुकहून स्वारगेट आणि तिथून दुसरी बस. मॅपवर चाळीस मिनिटं दिसतात, सकाळी सिंहगड रोडला तासावर जातात. पीएमपीचा, म्हणजे सिटी बसचा, महिन्याचा पास काढा. स्वारगेटपर्यंत आता मेट्रो आहे, पिंपरीकडून येणाऱ्यांचा त्यात खूप वेळ वाचतो. पालखी पुण्यात येते-जाते ते दिवस आणि विसर्जनाचा दिवस कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा, त्या दिवशी रस्ते बंद असतात आणि ड्यूटी बंद नसते.

युनिफॉर्म. तीन जोड लागतात, दोन नाही. आमच्याकडे पाणी बंद असायचा दिवस बहुतेक गुरुवार, आणि पांढरा कपडा पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही.

पुस्तकं मात्र एवढ्यात घेऊ नका. मॅडमनी नावं सांगितली की अप्पा बळवंत चौकात जुनी, निम्म्या किमतीत मिळतात, सीनियरकडे विचारलं तर त्याहून स्वस्त.

तपासा: सुरू व्हायच्या आधी एक पूर्ण दिवस रंगीत तालीम करा. सकाळी पावणेसातला घर सोडा, साडेपाचला या, मधे फोन करू नका. काय काय अडलं ते संध्याकाळी लिहून घ्या. आमच्या तालमीत कळलं की मुलाच्या रिक्षावाल्या काकांकडे फक्त माझा नंबर आहे.

टप्पा ५: रोजचं घर

यात फार सांगत नाही, प्रत्येकीला आपलं घर माहीत असतं. रात्रीच कणीक मळून, भाजी चिरून, डबे-बाटल्या ओट्यावर काढून झोपायचं. सकाळी फक्त फोडणी आणि पोळ्या. आठवड्यातून दोन दिवस पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणते आणि त्याचं मला काही वाटत नाही, तेवढ्यात एक धडा वाचून होतो.

चूक एकच होते, आपण सकाळी चारला उठून सगळं करून जातो. पहिले तीन आठवडे जमतं, चौथ्या आठवड्यात वॉर्डात उभ्या उभ्या डोळे मिटतात. औषध मोजताना झोप येणं म्हणजे दुसऱ्याच्या मुलाचा जीव आहे तो. सहा तास झोप झालीच पाहिजे, त्यासाठी जे काम सुटेल ते सुटू द्या. घरात धूळ चालेल.

टप्पा ६: अभ्यास आणि जर्नल

आधी जर्नल, म्हणजे केलेल्या प्रोसिजरची वही, मग वाचन. ज्या दिवशी जी प्रोसिजर केली ती त्याच रात्री लिहायची, वीस मिनिटं लागतात, आणि त्याच आठवड्यात सही घ्यायची. साठवून ठेवलं की शेवटी रात्र रात्र लिहीत बसावं लागतं, आणि ज्या सिस्टरची सही हवी त्यांची तोवर बदली झालेली असते.

इंग्रजी शब्दांना घाबरू नका. वहीत तीन रकाने करा, शब्द, उच्चार देवनागरीत, आणि मराठीत अर्थ. रोज दहा. मी ते मोबाईलवर माझ्याच आवाजात रेकॉर्ड करते आणि बसमध्ये ऐकते, उभ्याने प्रवास असला तरी कान मोकळे असतात.

आणि घरातलं मूल हेच पुस्तक समजा. लसीकरणाचा तक्ता मला पाठ होत नव्हता. मग मुलीचं दवाखान्यातलं कार्ड काढलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून आठवत गेले. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि हिपॅटायटिस बी चोवीस तासांत. मग सहा, दहा, चौदा आठवड्यांना पेंटा (पाच आजारांची एकत्र लस), पोलिओ, रोटा (जुलाबांची). नऊ महिन्यांना गोवर-रुबेला आणि अ जीवनसत्त्वाचा पहिला डोस. दहाव्या आठवड्याला आम्ही दोन दिवस उशिरा गेलेलो, पाऊस होता, हे आठवलं आणि तो तक्ता परत कधी विसरले नाही.

श्वास मोजायचंही तसंच. लहान मुलाचा श्वास पूर्ण एक मिनिट मोजायचा, पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण मुलांचा श्वास एकसारखा नसतो. मुलगी झोपली की तिचा झबला वर करून मोबाईलचा उजेड भिंतीवर पाडायचा आणि पोटाचं वर-खाली बघत मोजायचं. पहिल्या रात्री एकदा २६ आले, लगेच परत मोजले तर ३१. मग रोज मोजत गेले तेव्हा हात, म्हणजे डोळा बसला. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, हा जलद श्वास. वॉर्डात रडणाऱ्या मुलाचा मोजायला गेलात तर आकडा चुकतो, आईच्या मांडीवर शांत होऊ द्यायचं आणि मग मोजायचं.

सावधान, खास आयांसाठी: "मला दोन झालीत, मला माहितीये" हा विचार पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा. वर्गातल्या अठरा वर्षांच्या मुली पुस्तकात आहे ते लिहितात आणि बरोबर येतं. आपण घरात पाहिलेलं लिहितो. मी पहिल्या इंटर्नलला नवजात बाळाच्या काळजीत जन्मघुटी लिहून आले होते. बाळाला मध चाटवणं, घुटी, कानात-नाकात तेल, डोळ्यांत काजळ, नाळेला हळद लावणं, पहिलं घट्ट पिवळं चिकाचं दूध पिळून टाकणं, सहा महिन्यांच्या आत पाणी, हे सगळं आपल्या घरात प्रेमाने केलं गेलंय आणि यातलं काहीही करायचं नसतं. जन्मल्यावर तासाभरात अंगावर घ्यायचं, चीक पाजायचाच, सहा महिने फक्त आईचं दूध, नाळ कोरडी ठेवायची, तिला काही लावायचं नाही.

आणि हे शिकून घरी आलात की सासूला लगेच सांगायला जाऊ नका, तुम्ही माझ्या मुलांचं चुकीचं केलंत असं. मी तसं केलं आणि आठ दिवस अबोला होता. त्यांनी तेव्हा जे माहीत होतं त्यातलं सगळ्यात चांगलं केलेलं. नंतर शेजारच्या सुनेला बाळ झालं तेव्हा मी फक्त म्हटलं, आई, आता असं सांगतात. त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, मध देऊ नका म्हणून.

टप्पा ७: वॉर्ड ड्यूटी, आणि तिथून घरी येणं

जाताना नखं कापलेली, केस बांधलेले, हातात काही नाही. बांगड्या, अंगठी, घड्याळ मनगटावर असलं की हात नीट धुतले जात नाहीत, आणि साबणाने हात धुवायला चाळीस ते साठ सेकंद लागतात. मंगळसूत्राचं आधी ठरवा. माझं लांब होतं, एका बाळंतिणीचं बीपी घ्यायला वाकले तर वाटी तिच्या टाक्यांवरच्या पट्टीला लागली. सिस्टर रागावल्या नाहीत, फक्त ते उचलून माझ्या गळ्याच्या आत टाकलं. त्याच संध्याकाळी छोटं करून घेतलं, आता ते युनिफॉर्मच्या आत राहतं. घरी बांगड्यांवरून कुणी काही बोललं तर संध्याकाळी घालते म्हणून सांगा आणि घाला.

सुई टोचली तर लपवायचं नाही. पहिल्या वर्षाच्या मुली ओरडा बसेल म्हणून लपवतात आणि आया घरचे कोर्स बंद करतील म्हणून. बोट दाबून रक्त काढत बसू नका, वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि लगेच सिस्टरला सांगा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध लागलं तर ते जेवढ्या लवकर, शक्यतो दोन तासांत, आणि ७२ तासांच्या पुढे उपयोग नाही. घरी तुमचं पिणारं बाळ आहे हेही तिथे सांगा.

घरी येतानाचा क्रम, रोज हाच:

१. शक्य असेल तर युनिफॉर्म कॉलेजातच बदलून वेगळ्या पिशवीत.
२. चप्पल दाराबाहेर.
३. मोबाईल पुसून वर ठेवायचा, मुलांच्या हातात द्यायचा नाही.
४. थेट अंघोळ.
५. युनिफॉर्म वेगळ्या बादलीत. रक्ताचा डाग असेल तर आधी गार पाण्यात, गरम पाण्याने डाग पक्का होतो. बाकी धुणं नंतर गरम पाण्यात.
६. मग मूल.

सहावं सगळ्यात अवघड आहे, कारण दीड वर्षाचं मूल दार उघडताच पायाला मिठी मारतं आणि त्याला जंतू वगैरे कळत नाही. ढकललं की ते दुखावतं. मी मुलीला काम दिलं. मी आले की तिने टॉवेल घेऊन बाथरूमच्या दाराशी उभं राहायचं आणि आकडे मोजायचे. तिला एक, दोन, पाच एवढेच यायचे, ते ती मोठ्याने म्हणत राहायची आणि मी आतून ओ द्यायचे. बाहेर आले की टॉवेलसकट उचलायची. आता वीसपर्यंत येतात तिला.

टप्पा ८: गावातलं पोस्टिंग

मुळशी किंवा हवेलीतल्या एखाद्या उपकेंद्रावर पाठवतात, घरोघरी सर्व्हे, गरोदर बायकांची नोंद, लसीकरणाचा दिवस. तारीख कळल्या दिवशी घरच्या वहीत लिहा, आदल्या आठवड्यात नाही. राहायचं असेल तर मुलांना किती रात्री ते आधी सांगा, लहान मुलीला मी तेवढे दोरे कॅलेंडरला बांधून दिले, रोज एक सोडायचा. न सांगता निघून गेलं की पुढे महिनाभर मूल तुम्हाला बाथरूमलाही जाऊ देत नाही.

गावात मात्र आई असणं कामाला येतं. आमच्या वर्गातल्या मुलींना दारातूनच परत पाठवणारी बाई मला आत बसवून चहा देते, कारण पहिला प्रश्न असतो, तुला मुलं किती. पण तिथे बसल्यावर आपल्या बाळंतपणाच्या गोष्टी सांगत बसायच्या नाहीत. तिचं ऐकायचं. शेवटची पाळी कधी आली ते विचारायचं आणि त्यात नऊ महिने सात दिवस मिळवून बाळंतपणाची तारीख काढून द्यायची. तिला लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घेऊ नको हे सांगायचं, कारण त्या हमखास एकत्रच घेतल्या जातात आणि मग लोह अंगी लागत नाही.

टप्पा ९: परीक्षेच्या आधीचा महिना

मुलाची परीक्षा आणि तुमची परीक्षा कधी कधी एकाच पंधरवड्यात येते. महिनाभर आधी दोन्ही वेळापत्रकं शेजारी ठेवा. हजेरीचा आकडा ऑफिसात जाऊन स्वतः बघा, विषयवार, थिअरीचा वेगळा आणि वॉर्डचा वेगळा. मैत्रिणीने "तुझी भरलीये गं" म्हटलं यावर विसंबू नका. कमी असेल तर मॅडमना तेव्हाच भेटा, हॉल तिकिटाच्या आठवड्यात कुणाच्याही हातात काही राहत नाही. जर्नलची प्रत्येक सही बोट ठेवून मोजा.

प्रॅक्टिकलच्या परीक्षेची तयारी घरी मोठ्याने बोलून करायची, कारण तिथे करता करता सांगावं लागतं. माझा पेशंट मुलगा होता. त्याला गादीवर झोपवून थर्मामीटर, नाडी, श्वास, ड्रेसिंग सगळं बोलत बोलत केलं. तिसऱ्या दिवशी मी ड्रेसिंगच्या ट्रेला हात घातला आणि तो झोपल्या झोपल्या म्हणाला, आई, हात धुतले नाहीस.